यंत्राबरोबर जाणता हातही द्यावा

दि. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. ७ वाचली, १० दगावली. नवजात बालकांना ऊब देणाऱ्या रेडिएंट वॉर्मरमधील विद्युत बिघाड हे आगीचे मूळ असल्याचे शासकीय चौकशीतून पुढे आले.

या यंत्राची रचना साधी असते. वर तापक, खाली बाळाचा बिछाना आणि बाळाच्या त्वचेला लावलेला तापमानदर्शक सेन्सर. सेन्सर सांगेल त्याप्रमाणे तापक कमी-अधिक तापतो. सेन्सर बिघडला, तारेचे आवरण झिजले, अर्थिंग तुटले किंवा धोक्याची घंटा बंद पडली, तरी बाहेरून यंत्र नव्यासारखेच दिसते. दोष वेळीच ओळखायचा, तर ते उघडून मापकाने तपासणारा जाणता हात लागतो.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले शहर. भांडे कितीही उत्तम असो, कल्हई उडाली की त्यातले ताक कळकते, हे तेथील प्रत्येक व्यापारी जाणतो. वैद्यकीय उपकरणांचेही तसेच आहे. देशभरातील सार्वजनिक रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद अवस्थेत आढळली. त्यानंतर २०१५ मध्ये केंद्राने त्यांच्या देखभालीचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला.

मात्र कार्यक्रम चालतो तो प्रशिक्षित माणसांवर. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ‘टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स’ हा २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनांत मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची ३ वर्षांची पदविका आहे. बारावीनंतर बायोमेडिकल अभियांत्रिकीची ४ वर्षांची पदवी घेता येते. हे अभ्यासक्रम गावोगावी नाहीत. त्यासाठी बहुधा मोठ्या शहरात राहावे लागते. लहान गावातील होतकरू मुलाची वाट पुष्कळदा या खर्चापाशीच अडते.

रुग्णालयास यंत्र अर्पण करण्याची परंपरा व्यापारी कुटुंबांत जुनी आहे. औषधदानाचाच तो आजचा प्रकार होय. परंतु दुकानातील वजनकाटा दरसाल तपासून शिक्का घेणाऱ्या गृहस्थाने दिलेल्या यंत्राचीही तशीच विचारपूस करावी. देखभालीचा करार किती वर्षांचा? सुटे भाग कोठून येणार? वर्षातून किती वेळा आणि कोण तपासणार? या प्रश्नांची उत्तरे पावतीबरोबरच लेखी घ्यावीत.

याहून मोलाचे कार्य म्हणजे दानाच्या रकमेतील एक हिस्सा शिष्यवृत्तीसाठी राखून एखाद्या विद्यार्थ्यास ही विद्या मिळवून देणे. येथे औषधदानाला ज्ञानदानाची जोड मिळते, आणि पाळण्यातल्या अजाण जिवाला अभयही. आपल्या घरच्या मुलांनीही या व्यवसायाकडे वळावे. यंत्रावरील नावाची पाटी दात्याचे स्मरण देते. पण त्यात झोपलेले बाळ सुखरूप घरी जाते, ते यंत्राची वेळेवर तपासणी झाली म्हणून.