खेळ आणि स्पोर्ट्स

सिनेमाचा नऊचा खेळ, मंगळागौरीचे खेळ, नशिबाचा खेळ, दुकानदाराचं खेळतं भांडवल, घरातली खेळती हवा: आपल्या या एका शब्दात केवढा संसार मावतो! तुर्कीतला ‘ओयुन’ही असाच. खेळ, नाटक, नाच, इतकंच काय, लबाडीसुद्धा त्यात येते. मैदानी स्पर्धांसाठी त्यांनी ‘स्पोर’ उसना घेतला, आपण ‘स्पोर्ट्स’.

उसनवारीला माझी हरकत नाही. १९९४ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत क्रीडानगरी उभी राहिली, त्याचा पुणेकर म्हणून मला अभिमानच आहे. पण आज सोसायटीच्या आवारात ‘येथे खेळू नये’ अशी पाटी लागते आणि त्याच घरातला मुलगा फी भरून ‘स्पोर्ट्स’ला जातो, हे मला खटकतं. विटीदांडू, लगोरीला प्रशिक्षक नव्हता. राज्य आलं तर निमूट घ्यायचं, भांडण आपसांत मिटवायचं, हे मुलं स्वतःच शिकत. गंमत म्हणजे इंग्रजी ‘स्पोर्ट’चं मूळही मन रमवणं, करमणूक हेच आहे.

तेव्हा संध्याकाळी मुलाला ‘जिंकलास का?’ विचारण्याआधी ‘खेळलास का?’ एवढं विचारू या. आणि ती पाटी तेवढी काढू या.