मेरिट : अर्धाच शिकलेला एक शब्द

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा शाळेच्या आठवणींची असणार. त्या आठवणी माझे अन्य सहाध्यायी अधिक रसाळपणे लिहितील. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. म्हणून एका इंग्रजी शब्दाविषयी लिहितो. आपल्या घराघरांत तो रोज उच्चारला जातो आणि तरीही, माझ्या मते, आपण तो अर्धाच शिकलो आहोत. शब्द आहे ‘मेरिट’.

वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासिकेत रोज दहा शब्द पाठ करण्याचा नेम होता. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ‘मेरिट – गुणवत्ता’ एवढे लिहिले की त्या शब्दाचा निकाल लागला. पुढे अकरावीला शहरातील महाविद्यालयात गेलो. पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी भर वर्गात विचारले, “तू मेरिटवर आलास की कोट्यातून?” माझ्या वहीत त्या शब्दाचा एकच अर्थ होता. त्यानुसार ते मला विचारत होते, की तुझ्या अंगी काही गुण आहे की नाही. मी मान खाली घालून बसलो. आज तोच प्रश्न कुणी केला तर मी आधी त्यांचे इंग्रजी तपासीन.

या शब्दाचे मूळ लॅटिन क्रियापदात आहे. त्याचा अर्थ कमावणे, पात्र ठरणे. रोमन सैनिकाच्या वेतनाशी आणि सेवेशी ते निगडित होते. सेवेची मुदत पुरी करून बाहेर पडलेल्या सैनिकास ‘एमेरिटस’ म्हणत, आणि तीच पदवी आज निवृत्त प्राध्यापक मिरवतात. म्हणजे ‘मेरिट’च्या मुळाशी कष्ट आहेत. आपण योजलेला ‘गुणवत्ता’ हा प्रतिशब्द मात्र गुणवान असण्याकडे बोट दाखवतो. जणू ती वस्तू जन्मतःच कुणाच्या पदरात पडलेली असते. एका प्रतिशब्दाने किती मुलांचा आत्मविश्वास खाल्ला असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

उपयोगात तर हा शब्द फारच निरनिराळ्या वाटांनी जातो. तो नाम आहे तसाच क्रियापदही आहे, हे दहावीच्या मुलांना बहुधा ठाऊक नसते. ‘द प्रपोजल मेरिट्स कन्सिडरेशन’, म्हणजे तो प्रस्ताव विचारात घेण्याजोगा आहे. न्यायालयात ‘ऑन मेरिट्स’ निकाल होतो, तेव्हा त्याचा टक्केवारीशी काडीमात्र संबंध नसतो. मुदत, अधिकारक्षेत्र अशा तांत्रिक बाबी ओलांडून वादाच्या गाभ्यात शिरून दिलेला निर्णय, असा त्याचा अर्थ. माझ्या प्राध्यापकांनी माझी बाब ‘ऑन मेरिट्स’ पाहिली असती, तर घरी वीज नसलेल्या, मजुरी करणाऱ्या आईच्या मुलाने इथवर काय काय कमावले, हे त्यांना विचारावे लागले असते. त्यांनी दारातच निकाल दिला.

अर्थशास्त्रातील प्रयोग त्याहून उद्बोधक आहे. रिचर्ड मसग्रेव्ह या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रूढ केलेल्या विचारातून ‘मेरिट गुड्स’ ही संज्ञा प्रचारात आली. शिक्षण, लसीकरण, शाळेतील भोजन यांसारख्या गोष्टी ऐपत असो वा नसो, सर्वांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत असे समाजाला वाटते. त्या या वर्गात मोडतात. येथे मेरिट त्या वस्तूच्या ठायी असते, घेणाऱ्याची गुणपत्रिका कुणी मागत नाही. आणि ज्या ‘मेरिटोक्रसी’चा आज गौरव होतो, तो शब्द प्रसिद्ध झाला मायकेल यंग यांच्या १९५८ सालच्या पुस्तकामुळे. ते पुस्तक उपहासात्मक होते! परीक्षांच्या चाळणीतून वर आलेला वर्ग स्वतःला सर्वस्वी लायक समजून खाली राहिलेल्यांविषयी किती निष्ठुर होईल, याचा तो इशारा होता. लोकांनी उपहास विसरून शब्द तेवढा उचलला, याची खंत यंग यांनी उतारवयात जाहीरपणे व्यक्त केली.

आता आपल्या घरातला अर्थ. पाली ‘पुञ्ञ’ या शब्दासाठी इंग्रजी भाषांतरकारांनी योजलेला शब्द ‘मेरिट’च आहे. दान, शील आणि भावना यांनी ते अर्जित होते. आपल्याकडे घरातील माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्याचे इंग्रजी वर्णन करताना ‘शेअरिंग ऑफ मेरिट’ असे म्हणतात. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा नववीतील एका मुलीने विचारले, “सर, मेरिट वाटून कसे घेता येईल? माझा नंबर मी दुसरीला कसा देणार?” प्रश्न बिनतोड होता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, आणि आपल्या मुलांना त्यांतील एकच परीक्षेला येतो.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या आपल्या सत्कार समारंभात त्यांचे नाव पुकारले गेले नसते. हे मी बाहेरच्यांना उद्देशून लिहीत नाही. नव्वद टक्क्यांवरील मुलांची छायाचित्रे असलेले फलक आपल्याच वस्तीत लागतात, आणि बावन्न टक्के मिळवलेला, सुटीत वीटभट्टीवर राबलेला मुलगा त्याच फलकाखालून शाळेत येतो.

म्हणून दोन सूचना. वहीतील ती मधली रेघ पुसावी. मुलांनी शब्दासमोर अर्थ न लिहिता तीन निरनिराळी वाक्ये लिहावीत, एक वर्तमानपत्रातले, एक न्यायालयातले किंवा बाजारातले, एक स्वतःच्या घरातले. दुसरी सूचना माजी विद्यार्थी संघाला आहे. पुढील वर्षीच्या सत्काराची यादी करताना टक्केवारीच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा आणि हा विद्यार्थी कोठून निघाला, ते त्यात लिहावे. त्या रकान्याच्या छपाईचा खर्च मी देईन.