पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

मंडळी, हल्ली कुणाचं पोट जरा बिघडलं की सल्ला ठरलेला : गहू सोडा. जिमवाला सांगतो, शिबिरवाले सांगतात, रील तर विचारूच नका. लोक सोडतात, बरं वाटतं, आणि दोन-चार महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, "एकदा सिलिअ‍ॅकची टेस्ट करून घे." घोळ होतो तो इथंच.

सिलिअ‍ॅकमध्ये गहू-जवातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी त्यातून तयार झालेल्या अँटिबॉडी मोजते. गहू बंद केला की त्या उतरत जातात, आतडंही भरून येऊ लागतं. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आजार मात्र तसाच. धुऊन काढलेल्या जागेचा पंचनामा केल्यासारखं आहे हे.

म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत पोळी चालू ठेवा. टीटीजीसोबत टोटल आयजीएही करायला सांगा. काहींच्या अंगात आयजीएच कमी असतं, त्यांचा रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. रक्तात सापडलं तर मोठ्या माणसांची सहसा एंडोस्कोपी करून आतड्याचे चार-पाच बारीक तुकडे तपासतात. आधीच गहू सोडला असेल, तर डॉक्टरला विचारून किमान सहा आठवडे रोज गहू खायचा, मगच रक्त द्यायचं. जिवावर येतं, मान्य आहे.

"बरं वाटतंय ना, मग एवढा खटाटोप कशाला?" असं विचारतात. कारण सिलिअ‍ॅक निघाला तर पथ्य जन्मभराचं आणि कडक. खपली गहू चालत नाही, तोही गहूच. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. गिरणीत गव्हावर ज्वारी दळून आणली की ती भाकरीही गेली. नुसत्या अंदाजावर एवढं कोण पाळेल? शिवाय एकाला निघाला की सख्ख्या भावंडांची, मुलांची तपासणी करावी लागते.

उत्तर भारतातल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळलाय. आपण भाकरी-भातवाले, आपल्याला काय होतंय, हा समज आता सोडा. रेशनचा गहू आणि बेकरीचा मैदा घरोघरी आहे. आणि जुलाब व्हायलाच हवेत असंही नाही. कधी नुसती उंची खुंटते, कधी रक्तच वाढत नाही. 'अ‍ॅनिमियामुक्त भारत'मधून शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, चांगलंच आहे. पण गोळ्या नियमित घेऊनही जिचं हिमोग्लोबिन हलत नाही, तिला "तू गोळ्या फेकून देत असशील" असं ऐकवलं जातं. त्याआधी तिचं टीटीजी करायला काय हरकत आहे?

जिल्हा रुग्णालयात ही चाचणी होते का, पैसे किती पडतात, ग्रामीण रुग्णालयातून नमुना पाठवता येतो का, हे तीन प्रश्न मी लेखी विचारतोय. उत्तर आलं की इथंच टाकतो.