टनभर उसाचा अपुरा हिशेब

टनभर ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडला की त्यातून साधारण १०० ते ११५ किलो साखर निघते. शिवाय २८० ते ३०० किलो बगॅस, ४०-४५ किलो मळी आणि ३०-४० किलो प्रेसमड हाती येते. बगॅस बॉयलरमध्ये जळते, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल होते. प्रेसमड खत म्हणून शेतात परत जाते, अलीकडे त्यातून बायोगॅसही काढतात. फडात राहिलेले वाढे जनावरे खातात, आणि पाचट न पेटवता सरीत कुजवले तर जमीन सुधारते. कारखान्याच्या बाहेरचा ऊस वेगळाच. गुऱ्हाळात त्याचा गूळ आणि काकवी होते, रसवंतीच्या चरकात रस होतो, तुळशीच्या लग्नात तो मांडव होऊन उभा राहतो आणि संक्रांतीला कांड्या होऊन सुगडात बसतो.

ज्याचे काहीच वाया जात नाही, असे दुसरे नगदी पीक सापडणे कठीण. या प्रत्येक घटकाला आज भाव आहे आणि प्रत्येकाची नोंदही होते. नोंद होत नाही ती पाण्याची. पाटपाण्यावरच्या आडसाली उसाची गरज हेक्टरी सुमारे २५ हजार घनमीटर धरली जाते. उत्पादन हेक्टरी १०० टन धरले, तर एका टनामागे अडीच लाख लिटर पाणी पडते. उन्हाळ्यात पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात येतात तसे दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर!

हा आकडा ऐकताच शेतकऱ्याला दोष देण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये लागण झालेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेत अडवून ठेवतो, तरी शेतकरी तोच लावतो. कारण उसाला ठरलेले गिऱ्हाईक आहे आणि कायद्याने ठरवलेला किमान दर, म्हणजे एफआरपी, आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी केंद्राने जाहीर केली. ती चौदा दिवसांत द्यावी असा नियम आहे. तो पाळला गेला नाही तर पुण्यात शिवाजीनगरच्या साखर संकुलावर, म्हणजे साखर आयुक्तालयावर, मोर्चा नेता येतो. कांदा किंवा टोमॅटो मातीमोल झाला तर मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा?

ही व्यवस्था आपोआप उभी राहिलेली नाही. तिच्या उभारणीत पुण्याचा मोठा वाटा आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा त्यांच्या पाठीशी अध्यक्ष म्हणून उभे होते ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. १९३२ पासून पाडेगावचे संशोधन केंद्र आणि १९७५ पासून मांजरीची आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था उसाचे वाण, लागवड आणि साखर तंत्रज्ञान यांवर काम करत आहेत. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ८६०३२ हा वाण पाडेगावातूनच प्रसारित झाला. दर, वाण, कर्ज आणि खरेदी या चारही बाजूंनी आधार मिळालेले पीक पसरले, यात नवल नाही.

पाण्याचा प्रश्नही नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुण्यात कार्यकारी अभियंता असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना नीरा कालव्यावर हेच दिसले होते. पाणी मुबलक वापरून ऊस घेणाऱ्यांच्या जमिनी पाणथळ होत होत्या आणि इतरांच्या वाट्याला पाणी पुरत नव्हते. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. एका ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ऊस आणि बाकीच्या क्षेत्रात कमी पाण्याची पिके, तीही आलटूनपालटून. ऊस बंद करण्याचा यात विचारही नव्हता. त्याचा वाटा तेवढा ठरवला होता.

पुढे राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात बारमाही पिकांना सूक्ष्म सिंचनाची अट घालणारी तरतूद आली. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ठिबकने चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी वाचू शकते. मात्र पाणी मोजून मिळत नसेल आणि पाणीपट्टी क्षेत्रावर आकारली जात असेल, तर वाचवलेल्या पाण्याचा शेतकऱ्याच्या खिशाला फायदा होत नाही. आता इथेनॉलमुळे उसाची मागणी वाढते आहे. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि पुढच्या हंगामासाठी उठवले. त्या निर्णयांमागे साखरेच्या साठ्याचा विचार होता. धरणातल्या साठ्याचाही तसाच विचार व्हायला हवा.

यात पुण्याने फक्त उपदेशकाची भूमिका घेणे शोभणारे नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीतल्या सुमारे २९ टीएमसी पाण्यावर शहराची तहान भागते, आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही. महापालिका मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलते, हा जलसंपदा खात्याशी असलेला तिचा जुनाच वाद आहे. त्या बदल्यात शुद्ध केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडायचे ठरले. ते पुरेसे आणि खरोखर शुद्ध होऊन गेले, तरच खालच्या शेतकऱ्याला पाणी वाचवायला सांगण्याचा अधिकार शहराला उरतो.

हिशेबात आणखी एक नोंद अपुरी आहे. ऊसतोडीच्या टोळीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेऊन बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या या जोडप्यातली बाई मोळ्या बांधते आणि वाहते, पण मोजणीत ती कोयत्याच्या आड जाते.

पाणी घनमीटरवर मोजून द्यावे, ठिबकचे अनुदान वेळेवर मिळावे आणि डाळी-तेलबियांना उसासारखी खरेदीची हमी असावी. या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या तर ऊस न बंद करताही त्याचा वाटा ठरवता येईल. सुरुवात बिलापासून करता येण्यासारखी आहे. उसाच्या बिलावर वजन, दर आणि तोडणी-वाहतुकीची कपात असते. त्यात पाण्याचा एक रकाना वाढवावा. पहिली काही वर्षे त्यापोटी एक पैसाही कापू नये, नुसता आकडा लिहावा. आणि तसाच आकडा पुण्यातल्या प्रत्येक घराच्या पाणीपट्टीवरही छापावा.