बिनअंड्याचा केक

पूर्वी ईद जवळ आली की नानकटाईचे ट्रे घरून बेकरीच्या भट्टीवर जात. आता बऱ्याच घरांत ओव्हन आहे, नसेल तिथे कुकर. रोजा असलेल्या मुली चव न घेता, केवळ मापाच्या भरवशावर केक भाजतात. क्रीमची नक्षी मात्र इफ्तारनंतर. दुपारच्या उन्हाळ्यात ती टिकत नाही.

शेजारच्या काकूंसाठी बिनअंड्याचा केक वेगळा होतो. दह्यात सोडा पडला की तो अंड्यावाचूनही फुगतो. भांडे वेगळे, बीटरही वेगळा. यात काहींना दुरावा दिसतो. तो दुरावा नव्हे, ती अदब आहे. म्हणूनच काकूंना ‘अंडे घातलेय का?’ असे विचारावे लागत नाही. शिवाय दिवाळीत चकल्या घेऊन आलेला त्यांचा डबा रिकामा कसा पाठवणार?