गुहेत शिरलेली स्कूटर
पाण्याखालच्या गुहेचं मोजमाप करायची पाणबुड्यांची जुनी रीत ठरलेली: ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी, मनगटावरचं होकायंत्र आणि पाटीवर पेन्सिलीनं टिपलेले आकडे. त्यातून गुहेची लांबी कळते. भिंती किती दूर नि छत किती उंच, हा सगळा अंदाजपंचे कारभार. अमेरिकेतल्या फ्लोरिडात, वकुला स्प्रिंग्ज इथं अभियंते आणि गुहासंशोधक बिल स्टोन यांच्या पथकानं १९९८-९९मध्ये त्या अंदाजाला रजा दिली. त्यांचा ‘डिजिटल वॉल मॅपर’ म्हणजे पाणबुड्याला ओढत नेणारी स्कूटरच. पण तिच्यावर ३२ सोनार बसवलेले. जीपीएस इथं कुचकामी, कारण त्याच्या रेडिओलहरी पाणी वरच्यावरच गिळून टाकतं. म्हणून आपण नेमके कुठं आहोत हे सांगायचं काम लेझर जायरोस्कोपच्या यंत्रणेकडं. पाणबुड्यानं फक्त हाकायचं. ध्वनी भिंतींवर आपटून परतायचा आणि लाखो बिंदूंतून गुहेचा त्रिमितीय आकार उभा राहायचा. हाकणाऱ्याचे हाल मात्र चुकत नव्हते. सुमारे ९० मीटर खोलीवरून परतताना शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून तासन्‌तास थांबत थांबत वर यावं लागे. यंत्राला ती भीती नाही. हे स्टोन यांनीही ओळखलं असावं: २००७मध्ये मेक्सिकोतल्या तीनशे मीटरहून खोल, पाण्यानं भरलेल्या साकातोन विवरात त्यांचं ‘डेप्थएक्स’ हे स्वयंचलित यंत्र उतरलं, तेव्हा सोबत पाणबुडा नव्हता.