बाळाच्या कानांची तपासणी जन्मतःच व्हावी

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. बाळाचे वजन किती, रंग कोणाचा, नाक कोणावर गेले, याची चर्चा महिनाभर चालते. बाळाला ऐकू येते का, हे मात्र कोणी विचारत नाही. मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा प्रश्न पडतो. आणि तोही ‘त्याचे वडीलसुद्धा उशिराच बोलले’ असे म्हणून बाजूला सारला जातो. भाषा शिकण्याची मोलाची वर्षे अशी वाया जातात.

हजार नवजात बालकांत साधारण एक ते तीन बालके ऐकण्यात दोष घेऊन जन्मतात. काहींची कारणे गर्भारपणातली असतात. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर थोडा ताप आणि पुरळ येऊन ती बरी होते. पण गर्भाचे डोळे, हृदय आणि कान यांना इजा होऊ शकते. रुबेलाचा गर्भावरील परिणाम ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ डॉ. नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखवून दिला होता. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. ही लस गर्भारपणात देत नाहीत. म्हणून दिवस राहण्यापूर्वी किमान एक महिना आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सायटोमेगॅलो नावाचा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून पसरतो. घरात थोरले मूल असल्यास गर्भवतीने त्याचे उष्टे खाऊ नये, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शनाने गर्भाच्या कानांना अपाय होऊ शकतो. मात्र क्षयाचे उपचार आपल्या मनाने थांबवू नयेत. आपण गरोदर आहोत हे डॉक्टरांना सांगावे.

काही कारणे जन्माच्या वेळची. बाळ लगेच रडले नाही, वजन दीड किलोपेक्षा कमी भरले, पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावे लागले, मेंदूज्वर झाला, किंवा जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे बरेच दिवस द्यावी लागली, तर कानांना धोका संभवतो. ही औषधे बाळाचा जीव वाचवतात, त्यांना नकार देऊ नये. घरी जाताना कान तपासून घ्यावेत, एवढेच. मामेबहीण-आतेभाऊ अशा जवळच्या नात्यातील लग्न किंवा घराण्यातील जन्मजात बहिरेपण असल्यास तेही डॉक्टरांपासून लपवू नये.

परंतु एवढी यादी पाठ करून आपले काम संपत नाही. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांच्या बाबतीत यातले एकही कारण आढळत नाही. म्हणूनच केवळ नाजूक बाळांची नव्हे, तर प्रत्येक बाळाची तपासणी व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. थाळी वाजवून पाहणे ही तपासणी नव्हे. हवेच्या झोताने किंवा हालचाल दिसल्यानेही बाळ दचकते. ओएई चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवतात. काही मिनिटांत काम होते, सुई नाही की वेदना नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची मात्र ‘बेरा’ चाचणी करावी, कारण श्रवणनसेतील दोष ओएईतून सुटू शकतो.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व शिकवणी, हे वेळापत्रक लक्षात ठेवावे. काही मुलांचे ऐकणे पुढे कमी होत जाते, म्हणून धोक्याच्या बाळांची तपासणी पुन्हा करावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मजात बहिरेपण त्यात समाविष्ट आहे. तरीही खेड्यातील आईला कोठे जावे हे कोणी सांगत नाही. बीसीजीची तारीख जशी कार्डावर लिहितात, तशीच कानाच्या तपासणीची तारीख प्रत्येक प्रसूतिगृहाने लिहावी. नसेल लिहिली, तर आईवडिलांनी ती मागावी. आणि दोष निघालाच, तर सुनेला बोल लावण्यात दिवस घालवू नयेत. बाळाला घेऊन जिल्हा रुग्णालय गाठावे.